विश्लेषण : अंगणवाडीताईंनी शिकायचे कधी, शिकवायचे कधी?

अंगणवाडी म्हणजे खिचडी आणि वजनकाटा, ही ओळख सरकारला आता बदलायची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने वय वर्षे 3 ते 6 हा काळ औपचारिक शिक्षणाच्या रचनेत आणला आणि गावातल्या सेविकेवर बालशिक्षिकेची जबाबदारी टाकली. मात्र गंगाखेडसारख्या तालुक्यात हे नवे शिक्षण तिला नोकरी सांभाळूनच घ्यायचे आहे.

धोरण काय सांगते?

बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या सेविकेसाठी 6 महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी 1 वर्षाची पदविका, असे धोरणात म्हटले आहे. कामात खंड पडू नये म्हणून डीटीएच वाहिन्या आणि स्मार्टफोनवरून धडे द्यावेत, महिन्यातून किमान एक संपर्क वर्ग शिक्षण विभागाने घ्यावा, अशीही अपेक्षा आहे. त्यानंतर 10 मे 2023 रोजी केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ हा उपक्रम सुरू केला. यात आधी अधिकारी आणि पर्यवेक्षिकांना 2 दिवस, मग त्यांच्याकडून सेविकांना 3 दिवस प्रशिक्षण मिळते. दररोज किमान 2 तास पूर्वप्राथमिक शिक्षण व्हावे, हे उद्दिष्ट आहे.

3 दिवसांत काय होते?

ओळख होते. सवय होत नाही. पूर्वी अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रांत सेविकेचे मूळ प्रशिक्षण 26 कामकाजी दिवसांचे असे. त्या तुलनेत 3 दिवस म्हणजे पुस्तिका हातात पडण्यापुरता वेळ. चिंचोके मोजताना मूल का अडखळले, गोष्ट ऐकताना कोपऱ्यातले मूल गप्प का बसले, हे ओळखायला सभागृहातले सादरीकरण उपयोगी पडत नाही. त्यासाठी कुणीतरी जाणकार बाई ताईंच्या शेजारी, त्याच सतरंजीवर बसायला हवी. ते काम पर्यवेक्षिकेचे. पण तिच्याकडे साधारण 25 अंगणवाड्या असतात आणि भेटीतला बराचसा वेळ रजिस्टरे तपासण्यात जातो.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केले. मुले शाळेपर्यंत येत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथलाच. अनुताई वाघ त्याच वर्षी बोर्डीला गेल्या आणि ताराबाईंच्या सोबत मुलांमध्ये काम करत घडल्या. पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर हाताशी असलेल्या पाने-बिया-खड्यांपासून शिकवण्याची साधने तयार झाली. काम करत शिकणे म्हणजे काय, याचा आपल्याकडचा नमुना हाच. मोबाइलवर व्हिडिओ पाहिल्याची नोंद भरणे नव्हे.

अडचण वेळेची की पैशांची?

दोन्हींची. लसीकरण, गृहभेटी, आहारवाटप, पोषण ट्रॅकरवरच्या नोंदी हे रोजचेच. त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरून घेण्याचे कामही सेविकांकडेच आले. मोबाइलवरून शिकायचे म्हणावे, तर 2021 मध्ये राज्यभरातील सेविकांनी निकृष्ट फोन आणि इंग्रजी अ‍ॅपला कंटाळून सरकारी मोबाइल परत केले होते, हे विसरून चालणार नाही.

आणि मोबदला? केंद्राने सेविकेचे मानधन ऑक्टोबर 2018 मध्ये 4,500 रुपये केले. राज्य त्यात आपली भर घालते. सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तरीही कागदोपत्री त्या ‘मानसेवी’च. शिक्षिकेचे काम द्यायचे, शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळवायला सांगायचे आणि पगाराचा विषय निघाला की मानधन म्हणायचे, हे न्याय्य नाही.

गंगाखेडचा वेगळा प्रश्न कोणता?

ऊसतोड. तालुक्याच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातील गावे आणि तांड्यांवरून दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. लहानगी मुले सोबत जातात. जूनमध्ये रुळलेला वर्ग हिवाळ्यात विरळ होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत भरतो. शिवाय तांड्यावरच्या मुलाच्या घरात गोरमाटी बोलली जाते, अंगणवाडीत मराठी. परतलेल्या मुलाला कुठून पुढे न्यायचे, दोन भाषांमधला पूल कसा बांधायचा, याचे उत्तर दिल्लीत तयार झालेल्या पुस्तिकेत आयते मिळणार नाही. तालुक्यातल्याच अनुभवी सेविकांना एकत्र बसवले, तर मिळू शकेल.

म्हणूनच महिन्याचा संपर्क वर्ग खरोखर घ्यावा, तो कामाचा दिवस धरावा, प्रवासभत्ता वेळेवर द्यावा आणि प्रमाणपत्र मिळाले की मानधनात वाढ व्हावी. ताई गंगाखेडला प्रशिक्षणाला गेल्या की अंगणवाडी मदतनीस सांभाळणार. त्यामुळे प्रशिक्षण तिलाही लागेल. केंद्राच्या सूचनेनुसार सेविकांची निम्मी पदे 5 वर्षे अनुभव असलेल्या पात्र मदतनिसांतून भरायची आहेत. उद्याची शिक्षिका आज त्याच खोलीत खिचडी शिजवते आहे, पण आजच्या प्रशिक्षणाचा सारा भर मात्र सेविकेवर आहे.