एक्स्पायरी बघता, ती नीट वाचा

‘एक्स्पायरी बघितलीस का?’ हे वाक्य आता घराघरांत मराठीच झालं आहे. मूळ जोडशब्द ‘एक्स्पायरी डेट’, त्यातली ‘डेट’ आपण बोलताना गाळून टाकली. ‘एक्स्पायर’ या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ श्वास बाहेर सोडणं. म्हणूनच ‘काका एक्स्पायर झाले’ असंही आपण सहज म्हणतो. पण तारीख येईपर्यंत औषध ठणठणीत असतं आणि त्या रात्री ते मरतं, असं मात्र समजू नका. छापलेली तारीख ही सीलबंद आणि सांगितलेल्या जागी ठेवलेल्या मालाची हमी असते. सील फुटलं की हिशेब बदलतो.

माझ्या आईच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांवर पुढच्या वर्षाची तारीख होती, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. बाटली उघडून चार महिने झाले होते. ‘उघडल्यापासून एका महिन्यात वापरा’ ही ओळ त्याच लेबलवर होती, आणि घरातल्या कुणीच ती वाचली नव्हती. तेव्हापासून मी बाटली उघडली की लगेच पेनाने तिच्यावर त्या दिवसाची तारीख घालते. तुम्हीही घाला. पाणी घालून तयार केलेलं लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप लेबलवर दिलेल्या दिवसांनंतर ओतून टाका. ओआरएसचं पाणी 24 तासांनंतर ठेवू नका, मग पुडीवर कितीही लांबची तारीख असो.

औषधावर नुसता महिना आणि वर्ष असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते चालतं. गोळ्यांची स्ट्रिप कापून घेताना तारखेचा तुकडा दुकानातच राहतो. अशा वेळी बिल मागा, त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते. ते बिल औषधांच्या डब्यातच ठेवा.

खाण्याच्या पाकिटांवर ‘बेस्ट बिफोर’ आणि ‘यूज बाय’ हे दोन वेगळे शब्द येतात. पहिला चवीविषयी, कुरकुरीतपणाविषयी बोलतो; ती तारीख गेली म्हणून पदार्थ विषारी होत नाही. दुसरा सुरक्षिततेविषयी बोलतो, तिथे हट्ट नको.

गॅस सिलिंडरची ‘एक्स्पायरी’ आणखी निराळी. वरच्या कड्याखालच्या पट्टीवर आतल्या बाजूला ‘बी-27’ असं काही रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. आतला गॅस तेव्हा संपत किंवा बिघडत नाही. त्या तिमाहीपर्यंत टाकीची पुन्हा तपासणी व्हायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. मुदत उलटलेली टाकी आली, तर दारातूनच परत पाठवा.

आज संध्याकाळी औषधांचा डबा खाली काढा. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसा. स्ट्रिपवरची ती चंदेरी, दबलेली अक्षरं त्यांना चष्म्यानेही दिसत नाहीत. एकेक तारीख वाचून दाखवा आणि पाकिटावर ठळक मार्करने मराठीत लिहून द्या: ‘जून 2027 अखेर’.