बंडखोरीचं तिकीट कितीला?

मार्च २०२५ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, जिथे एरवी घोड्यांवर पैसे लागतात, तिथे ५३ वर्षांचा बिली जो आर्मस्ट्राँग गळ्यात गिटार अडकवून उभा राहिला. लोलापालूझा इंडियाच्या निमित्ताने ‘ग्रीन डे’ हा अमेरिकन बँड भारतात पहिल्यांदाच आला होता. आपल्यापैकी अनेकांनी त्यांची गाणी दादा-ताईच्या पेन ड्राइव्हमधून ढापलेली. काहींच्या घरी तर आईबाबाच फॅन. कारण ज्या ‘डुकी’ने हा बँड जगभर पोचला तो अल्बम १९९४ चा, म्हणजे तुमच्या जन्माच्या बराच आधीचा.

आता गंमत बघा. पंक म्हणजे सरकारला, बाजाराला, बड्या कंपन्यांना शिंगावर घेणारं संगीत. आणि ते ऐकायला आपण काय करायचं, तर मनगटावर पट्टा बांधून प्रायोजकांच्या पाट्यांखालून आत जायचं. ‘हे कसलं डोंबलाचं पंक?’ असा प्रश्न पडला असेल तर तो रास्तच आहे. फक्त नवा नाही. बिली जो तो १९९३ पासून ऐकतोय, आणि सगळ्यात आधी तो विचारला त्याच्याच माणसांनी.

कॅलिफोर्नियातलं रोडिओ हे तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सावलीतलं छोटं गाव. सहा भावंडांत बिली जो शेंडेफळ. वडील ट्रक चालवायचे आणि जॅझ वाजवायचे. १९८२ मध्ये ते कॅन्सरने गेले तेव्हा हा दहा वर्षांचा होता. आई हॉटेलात वेट्रेस. त्याच सुमारास शाळेत माइक डर्न्ट भेटला, जो आजही त्याच्या शेजारी बास वाजवतो. पुढे एक निळी गिटार मिळाली, फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची एक जपानी नक्कल. तिचं नाव ‘ब्लू’. अठरावा वाढदिवस उद्यावर असताना पठ्ठ्याने शाळा सोडून दिली. (हे वाचून कुणी उद्या कॉलेजला दांडी मारू नका. त्याच्या वयाच्या, शाळा सोडलेल्या आणि बँड न चाललेल्या पोरांवर कुणी लेख लिहीत नाही.)

त्याच्या वाजवण्यात अवघड काही नसतं, असं गिटारवाले नाक मुरडत सांगतात. खरंय. बहुतेक काम पॉवर कॉर्डवर चालतं. साध्या कॉर्डमध्ये तीन स्वर असतात. त्यातला मधला स्वर ठरवतो की कॉर्ड प्रसन्न लागणार की उदास. पॉवर कॉर्डमध्ये हा मधला स्वरच गाळतात. उरतात फक्त षड्ज आणि पंचम, आपल्या तानपुऱ्यातलीच जोडी म्हणा ना! अॅम्प्लिफायर फाटेस्तोवर आवाज चढवला की तिसरा स्वर नुसता चिखल करतो, हे दोन मात्र ठणठणीत राहतात. बोटांची ठेवण एकच, ती गिटारच्या मानेवर वर-खाली सरकवायची. महिनाभरात कुणालाही जमेल. पंकचा मुद्दाच तो होता: वाजवायला कुणाची परवानगी लागता कामा नये.

ही परवानगी न मागणारी पोरं जमायची बर्कलीच्या ९२४ गिलमन स्ट्रीटवर. १९८६ च्या अखेरीस सुरू झालेला हा क्लब स्वयंसेवक चालवतात. दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बाईला किंवा समलिंगी माणसाला हिणवणं नाही. आणि आणखी एक नियम: बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केलेल्या बँडला इथे स्टेज मिळणार नाही. ग्रीन डे या खोलीत घडला. पहिले दोन अल्बम काढले ते तिथल्याच ‘लुकआउट’ या छोट्या कंपनीने.

१९९३ मध्ये त्यांनी वॉर्नरच्या रिप्राइज या लेबलशी करार केला आणि गिलमनचं दार बंद झालं. पुढच्या वर्षी ‘डुकी’ आला. एकट्या अमेरिकेतच त्याची विक्री एक कोटीच्या वर गेली. म्हणजे सगळं जग नाचत होतं आणि घरच्यांनी वाळीत टाकलं होतं. हे त्याला लागलं. १९९५ च्या ‘इन्सोम्निअॅक’ अल्बममधलं ‘८६’ हे गाणं त्याचंच. अमेरिकन हॉटेलांच्या बोलीत ‘८६’ करणं म्हणजे गिऱ्हाइकाला हाकलून देणं. वेट्रेसच्या मुलाला हा शब्द शोधावा लागला नसणार.

इथे आपण पटकन बाजू घेतो. छोटं ते पवित्र, मोठं ते बाटलेलं. पण गोष्ट तशी सरळ नाही. २००५ मध्ये ग्रीन डेने आपल्या जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क लुकआउटकडून काढून घेतले, कारण त्या ‘आपल्या’ कंपनीने रॉयल्टी थकवली होती. मैत्रीच्या हिशेबावर चालणाऱ्या जागी कलाकाराचे पैसे बुडतातच, हे फुकटात फेस्ट वाजवून आलेल्या कुठल्याही कॉलेज बँडला विचारा. आणि हक्क गेल्यावर लुकआउट पुन्हा उभी राहिली नाही, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. बरोबर कोण? कागदावर ग्रीन डे. पण त्या कंपनीच्या बाकीच्या बँडना हा न्याय कसा लागला असेल, हेही मनात येतंच.

मग २००४ चा ‘अमेरिकन इडियट’. इराकवर अमेरिकेचे सैनिक, टीव्हीवर चोवीस तास युद्ध, नोव्हेंबरात निवडणूक. सप्टेंबरात हा अल्बम आला आणि थेट अमेरिकेच्या यादीत पहिला गेला. ग्रॅमी मिळालं, पुढे २०१० मध्ये ब्रॉडवेवर त्याचं नाटकही झालं. बुश मात्र निवडून आलेच. गाण्याने सरकार पडत नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

तरी त्या गाण्यातला एक शब्द वीस वर्षांनी बातमी झाला. ३१ डिसेंबर २०२३ च्या रात्री, नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमात, शीर्षकगीत गाताना बिली जोने ‘रेडनेक’च्या जागी ‘मागा’ म्हटलं. मागा म्हणजे ट्रम्प यांची ‘मेक अमेरिका ग्रेट अगेन’ मोहीम. याआधीही त्याने हा बदल केला होता, पण ते त्याच्या चाहत्यांसमोर. या वेळी समोर घराघरांत नवीन वर्षाची वाट बघत बसलेली कुटुंबं होती. गदारोळ उडाला. इलॉन मस्क यांनी टोमणा मारला की व्यवस्थेविरुद्ध ओरडणारे आता व्यवस्थेच्याच बाजूने गुळमुळीत ओरडतात. बिली जोने हा हिशेब ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये जोहान्सबर्गला, मस्क यांच्या जन्मदेशात, त्याच जागी त्याने ‘इलॉन’ टाकलं.

मला यात महत्त्वाचा वाटतो तो गाळलेला शब्द. ‘रेडनेक’ ही गावाकडच्या, अंगमेहनत करणाऱ्या गोऱ्या माणसाला दिलेली शिवी आहे. कारखान्याच्या गावातल्या ट्रकवाल्याच्या मुलाने २००४ मध्ये ती गाण्यात घातली, आणि कुणाला खटकली नाही. नव्या शब्दात माणसांची जात-वकूब काढलेली नाही. एका राजकीय मोहिमेचं आणि मग एका अब्जाधीशाचं नाव घेतलंय. टीका जास्त नेमकी झाली. आणि नेमकी झाली म्हणूनच झोंबली.

हे तो करू शकला कारण त्याच्याकडे तो टीव्हीचा पडदा होता, आणि पडदा मिळाला १९९३ च्या त्या सहीमुळे. गिलमनमध्ये हेच गायला असता तर टाळ्या पडल्या असत्या, पण तिथे रागावणारं कुणी नव्हतंच. एप्रिल २०२५ मध्ये कोचेलाच्या स्टेजवर त्याने दुसऱ्या एका गाण्यात पॅलेस्टाइनमधल्या मुलांचा उल्लेख घातला. तिथेही समोरचे सगळे त्याच्या मताचे नव्हते.

पण उलटंही आहे. आता ‘या वेळी कुठला शब्द बदलणार?’ हीच उत्सुकता तिकिटाबरोबर विकली जाते. राग वेळापत्रकात बसला की आयोजकांना तो परवडतो. २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला तेव्हा लंडनच्या स्टेजवरून त्याने अमेरिकेचं नागरिकत्व सोडण्याची भाषा केली होती. मे २०२५ मध्ये हॉलिवूडच्या फुटपाथवर ग्रीन डेच्या नावाची चांदणी बसली. माणूस तिथेच आहे.

म्हणून मला त्याच्या भाषणांपेक्षा २०१५ चे दोन महिने जास्त सांगून जातात. एप्रिलमध्ये ग्रीन डे रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये दाखल झाला. त्याच्या महिनाभर आधी ओकलंडमध्ये आग लागून एके प्रेस ही छोटी प्रकाशन संस्था आणि तिच्या शेजारचा १९८४ प्रिंटिंग हा छापखाना होरपळला होता. मे महिन्यात त्यांच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला. वाजवायला ग्रीन डे. जागा, ९२४ गिलमन स्ट्रीट. बावीस वर्षांनी ते दार त्यांच्यासाठी उघडलं, एका रात्रीपुरतं, आणि गल्ला त्या मदतीला गेला.