ढाक्याला आधी तारीख हवी होती

बांगलादेशात 12 फेब्रुवारी 2026 ला मतदान ठरलं आहे, आणि त्याआधी मी हे लिहितो आहे. शेख हसीना 5 ऑगस्ट 2024 रोजी ढाका सोडून गाझियाबादजवळच्या हिंडन हवाईतळावर उतरल्या, आणि तीनच दिवसांनी मुहम्मद युनूस यांनी अंतरिम सरकारचे मुख्य सल्लागार म्हणून शपथ घेतली. त्यानंतरच्या दीड वर्षात त्या देशाने जे भोगलं त्यातलं बरंच टळलं असतं, असं माझं ठाम मत आहे. निवडणुकीची तारीख पहिल्याच आठवड्यात जाहीर व्हायला हवी होती.

मी लासलगावचा कांदा व्यापारी. वडिलांच्या काळापासून आमच्या खळ्यावरून माल बांगलादेशात जातो. लिलावात घेतलेला कांदा निवडून, गोण्या भरून ट्रकने पेट्रापोलला पाठवायचा, पलीकडे बेनापोलला तो आमचे जेसोरचे आयातदार उतरवून घेतात. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात, आणि एवढ्या वर्षांत भावापलीकडचं बोलणंही पुष्कळ झालं आहे. हसीना गेल्या त्या दुपारी सीमेवरची मालवाहतूक बंद पडली. चाळीतला उन्हाळ कांदा ताडपत्रीखाली ट्रकमध्ये उभा होता आणि ऑगस्टच्या दमट हवेत त्याला मोड फुटत होते. काही दिवसांनी फाटक उघडलं, नुकसान झालं ते झालं. दादांचा फोन लागला तेव्हा मी मालाचं विचारलंच नाही. ते म्हणाले, "भाऊ, ठाण्यात पोलीस नाही. रस्त्यावर कॉलेजची पोरं वाहतूक सांभाळतायत. पोरं चांगली आहेत. पण रात्री काय करायचं?"

ती पोरं खरोखर चांगली होती. सरकारी नोकऱ्यांत स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांना 30 टक्के राखीव जागा पुन्हा लागू झाल्या, म्हणून जुलैत विद्यार्थी उठले. 16 जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद हा विद्यार्थी हात पसरून पोलिसांसमोर उभा राहिला आणि गोळ्या खाऊन पडला. इंटरनेट बंद झालं, संचारबंदी लागली, दिसेल त्याला गोळ्या घालायचे हुकूम सुटले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्या काही आठवड्यांत 1,400 पर्यंत माणसं मारली गेली असावीत, आणि बहुतेक सुरक्षा दलांच्या गोळ्यांनी. हसीनांचं सरकार त्या रक्ताने गेलं. त्याबद्दल मला शंका नाही आणि हळहळही नाही. 2014 च्या निवडणुकीत 300 पैकी 153 जागांवर मतदानच झालं नव्हतं. मत देऊन सरकार बदलण्याची वाट ज्यांनी बंद केली, त्यांच्यावर रस्त्याची वाट चालून आली.

पण पाडण्याचं ठरलं होतं, पुढचं ठरलं नव्हतं. 3 ऑगस्टला ढाक्याच्या शहीद मिनारवर 'हसीनांचा राजीनामा' ही एककलमी मागणी जाहीर झाली आणि दोन दिवसांत ती पुरी झाली. तोवर विद्यार्थी, बीएनपी, जमात-ए-इस्लामी आणि लष्कर यांच्यात नंतर काय, यावर एका ओळीचाही लेखी समझोता नव्हता.

इथे मला 1990 आठवतं. त्या हिवाळ्यात ढाक्याने लष्करशहा जनरल इर्शाद यांना घालवलं. दादा तेव्हा ढाका विद्यापीठात शिकत होते, त्या आंदोलनात डॉ. मिलन यांना गोळी लागली त्या दिवशी ते कॅम्पसवर होते. त्यांच्याकडून ती हकीकत मी अनेकदा ऐकली आहे, आणि दरवेळी त्यांचा आवाज चढतो तो एकाच गोष्टीवर: हसीना आणि खालिदा झिया तेव्हा एका कागदावर आल्या होत्या. हसीनांच्या अवामी लीगची आठ पक्षांची आघाडी, खालिदांच्या बीएनपीची सात पक्षांची आणि डाव्यांची पाच पक्षांची, या तिघींनी नोव्हेंबरातच संयुक्त जाहीरनामा काढला होता. सत्ता निःपक्ष माणसाच्या हाती द्यायची आणि त्याने तीन महिन्यांत निवडणूक घ्यायची, असं त्यात लिहिलं होतं. इर्शाद त्यानंतर पडले.

6 डिसेंबरला सरन्यायाधीश शहाबुद्दीन अहमद यांना आधी उपराष्ट्रपती केलं, मग इर्शाद यांनी राजीनामा देऊन सूत्रं त्यांच्याकडे दिली. राज्यघटनेची चौकट मोडली नाही. 27 फेब्रुवारी 1991 ला मतदान झालं. बीएनपीला 140 जागा मिळाल्या, अवामी लीगला 88. आणि ज्याच्याविरुद्ध लोक उठले होते त्या इर्शाद यांच्या जातीय पार्टीला 35. स्वतः इर्शाद तुरुंगात होते आणि तिथून रंगपूरच्या पाच जागा जिंकले. कोणालाही ते आवडलं नव्हतं, पण मतपेटीतून निघालेल्या निकालावरच नवी संसद बसली. अध्यक्षीय पद्धत काढून संसदीय पद्धत आणण्याचा मोठा बदल निवडून आलेल्या संसदेने केला आणि सप्टेंबर 1991 मध्ये जनतेने सार्वमतात तो मंजूर केला. शहाबुद्दीन अहमद ठरल्याप्रमाणे आपल्या सरन्यायाधीशाच्या खुर्चीवर परत गेले.

आमच्या धंद्यात एलसीवर, म्हणजे बँकेच्या पतपत्रावर, शेवटची तारीख लिहिलेली असते. ती नसेल तर बँक पैसे देत नाही, आणि मीही माल भरत नाही. अंतरिम सरकारवर लोकांनी टाकलेला विश्वास याच जातीचा आहे. मुदत लिहिलेली असली तरच त्याच्या बळावर पुढचे व्यवहार होतात.

युनूस यांच्या सरकारने मुदत लिहिली नाही. पहिले चार महिने तारखेचा उच्चार नाही. 16 डिसेंबर 2024 च्या भाषणात ते म्हणाले, 2025 च्या अखेरीस किंवा 2026 च्या पहिल्या सहामाहीत. बीएनपीने डिसेंबर 2025 चा हट्ट धरला. मे 2025 मध्ये युनूस राजीनाम्याच्या विचारात असल्याची बातमी आली. जूनमध्ये, बकरी ईदच्या आदल्या दिवशी, त्यांनी एप्रिल 2026 सांगितलं. आठवड्याभरात लंडनला बीएनपीचे नेते तारिक रहमान यांची भेट झाली आणि एप्रिलचा फेब्रुवारी झाला. लष्करप्रमुख वकार-उझ-झमान यांनी सप्टेंबर 2024 मध्येच दीड वर्षाची मुदत बोलून दाखवली होती. शेवटी निवडणूक येऊन थांबली ती बरोबर तिथे. मग दीड वर्षाची तारीख पहिल्या दिवशीच का सांगितली नाही? पक्षांनी ती तयारीसाठी वापरली असती. त्याऐवजी ती मागण्यासाठी मोर्चे काढण्यात गेली.

तारीख नसली की प्रत्येकाला वाटतं, आत्ताच मागून घ्यावं. ऑगस्ट 2024 मध्ये बारावीची मुलं ढाक्याच्या सचिवालयात घुसली आणि उरलेले पेपर रद्द झाले. त्याच्या दहा दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाला विद्यार्थ्यांचा वेढा पडला आणि सरन्यायाधीशांनी राजीनामा दिला. ते न्यायाधीश हसीनांच्या मर्जीतले होते हे खरं. पण न्यायाधीश जमावाने काढला की पुढच्या न्यायाधीशालाही जमाव दिसतो. मग अन्सार या निमलष्करी दलाचे लोक सचिवालयाला घेराव घालून बसले. फेब्रुवारी 2025 मध्ये धानमंडीचं 32 नंबरचं घर, शेख मुजीबुर रहमान यांचं घर, रात्रभर यंत्रं लावून पाडण्यात आलं आणि सरकार बघत राहिलं. मे महिन्यात युनूस यांच्या 'जमुना' निवासस्थानाबाहेर ठिय्या बसला, आणि रात्रीच्या बैठकीत अवामी लीगच्या कामकाजावर बंदी आली. दोन दिवसांत निवडणूक आयोगाने त्या पक्षाची नोंदणी स्थगित केली.

मागण्या चूक होत्या की बरोबर, हा वेगळा प्रश्न. रस्त्यावर किती माणसं जमली यावर निर्णय होतो, हे सगळ्या देशाला शिकवलं गेलं. ते शिक्षण लहान धंद्यालाही पोचतं. जून 2025 च्या अखेरीस महसूल मंडळाच्या कर्मचाऱ्यांनी 'कम्प्लीट शटडाऊन' केला आणि सीमाशुल्काचं काम बंद पडलं. बेनापोलला गाड्या रांगेत लागल्या. मंडळाचे दोन तुकडे करण्याचा अध्यादेश सरकारने काढला होता. सुधारणा म्हणून तो कदाचित योग्यही असेल, पण निवडून न आलेल्या सरकारने तो काढला होता, म्हणून कर्मचाऱ्यांना वाटलं की दोन दिवस दार लावलं तर तो मागे घेता येईल.

एक गोष्ट मी इथेच सांगून टाकतो, कारण आमच्या बाजारात तिच्यावरून फार गैरसमज आहे. 2025 मध्ये बरेच महिने ढाक्याने आपल्या कांद्याला आयात परवाने दिले नाहीत, डिसेंबरात थोडे सुरू केले. त्याचा संबंध अस्थिरतेशी किंवा भारतद्वेषाशी जोडू नये. त्यांच्या पाबना-फरीदपूरच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून ते केलं गेलं. तसं आपल्याकडूनही झालं आहे: डिसेंबर 2023 मध्ये दिल्लीने आपली निर्यात रातोरात बंद केली तेव्हा दादांनी आगाऊ पैसे भरलेले होते आणि ते मला एक वाकडा शब्द बोलले नव्हते.

युनूस सरकारच्या जमेच्या बाजूही मांडायला हव्यात. लुटल्या गेलेल्या बँकांची संचालक मंडळं बरखास्त करून त्यांनी पैशाची गळती थांबवली. परदेशातल्या बांगलादेशी कामगारांनी 2024-25 या वर्षात 30 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवली, कारण हुंडी सोडून बँकेवर त्यांचा विश्वास बसला. मला दादांच्या बँकेकडून एलसी मिळायला जो त्रास 2024 च्या अखेरीस झाला, तो 2025 मध्ये पुष्कळ कमी झाला. निवडणूक यंत्रणा, पोलीस, न्यायालयं पंधरा वर्षांत एका पक्षाची झाली होती, त्यांच्या हाती घाईने मतदान कसं द्यायचं, असं युनूस यांचे समर्थक विचारतात. या प्रश्नात तथ्य आहे. म्हणूनच मी तीन महिने म्हणत नाही. वर्ष घ्या, दीड वर्ष घ्या, पण सांगून घ्या, आणि निवडणुकीला लागेल तेवढंच दुरुस्त करा.

याहून कठीण आक्षेप दादांचाच आहे. ते म्हणतात, "1991 ला सगळं नीट झालं, मग टिकलं का?" टिकलं नाही. जाहीरनाम्यातली वचनं हसीना आणि खालिदा या दोघींनीही मोडली. 1996 मध्ये काळजीवाहू सरकारची तरतूद घटनेत आली. 2007 मध्ये त्याच तरतुदीच्या आडून लष्कराच्या पाठिंब्याचं सरकार जवळजवळ दोन वर्षं बसलं. 2011 मध्ये हसीनांनी ती तरतूदच काढून टाकली. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती यापुढच्या निवडणुकांसाठी परत आणली. इतकं होऊनही मी 1991 च्या बाजूने आहे. त्या निवडणुकीनंतर जे बिघडलं ते निवडून आलेल्यांनी बिघडवलं, आणि त्यांना 1996 ला, 2001 ला लोकांनी मतांनी घालवलं. पंधरा वर्षं तरी ती वाट उघडी होती.

तारीख लांबण्याची खरी किंमत डिसेंबर 2025 मध्ये दिसली. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, 12 डिसेंबरला, जुलैच्या आंदोलनातून पुढे आलेले उस्मान हादी यांच्यावर ढाक्यात गोळी झाडली गेली. 18 तारखेला सिंगापूरच्या रुग्णालयात ते गेले. त्या रात्री जमावाने 'प्रथम आलो' आणि 'डेली स्टार' या दैनिकांच्या कचेऱ्या पेटवल्या. 'डेली स्टार'चे पत्रकार धुरात गच्चीवर अडकले. दुसऱ्या दिवशी दोन्ही पत्रांचा अंक निघाला नाही. 'प्रथम आलो'ला हसीनांनी 2023 मध्ये संसदेत उभं राहून लोकशाहीचा शत्रू म्हटलं होतं. हसीनांनाही जे जमलं नाही, म्हणजे अंक बंद पाडणं, ते या जमावाने केलं. त्याच रात्री मैमनसिंगजवळच्या भालुक्यात कापड कारखान्यातल्या एका हिंदू कामगाराला धर्मनिंदेच्या आरोपावरून ठार मारून त्याचं प्रेत जाळलं. अशा वेळी माणसाला वाचवायला ठाण्यातून फौजदार निघावा लागतो, आणि उद्या आपली पाठराखण कोण करणार हे ज्याला माहीत नाही तो फौजदार निघत नाही.

बिनतारखेच्या कारभाराचा धडा नेपाळने त्याआधीच घेतला असावा. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत सिंहदरबार हे सरकारी मुख्यालय जळत असताना कोणाला भरवसा नव्हता. पण सुशीला कार्की यांनी 12 सप्टेंबरला हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली त्याच रात्री संसद विसर्जित होऊन 5 मार्च 2026 ही मतदानाची तारीख ठरली. तिथेही भांडणं आहेत, पण ती एका तारखेच्या आतली आहेत.

आता ढाक्यात उरलेल्या दिवसांत काय व्हावं? 12 फेब्रुवारी कोणत्याही कारणाने हलू नये. मतदानासोबतच सुधारणांच्या 'जुलै सनदे'वर सार्वमत आहे. चार वेगळ्या विषयांना मिळून एकच हो किंवा नाही विचारण्याची पद्धत मला पटत नाही, पण त्यावरून निवडणूक अडवू नये. अवामी लीग या मतपत्रिकेवर नाही, ही या निवडणुकीची सर्वांत मोठी उणीव आहे. हसीनांना आणि त्यांच्या मंत्र्यांना खटल्यात उभं करा, तो न्याय आहे. पण त्या पक्षाला मत देणाऱ्या लाखो माणसांना मतदानाबाहेर ठेवणं न्याय नव्हे, आणि इर्शाद यांच्या पक्षाच्या बाबतीत ढाक्याने ते केलं नव्हतं. नव्या संसदेने पहिल्या अधिवेशनात या बंदीवर खुली चर्चा करावी.

आणि दिल्लीला माझी विनंती आहे. जो पक्ष जिंकेल त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात बोलणी सुरू करा. ऑगस्ट 2024 पासून बांगलादेशींना उपचारांवाचून जवळजवळ कुठल्याच कारणासाठी व्हिसा मिळत नाही, ती केंद्रं पूर्ण उघडा. एप्रिल-मे 2025 मध्ये दोन्ही बाजूंनी सूत आणि तयार कपड्यांवर सीमेवर जे निर्बंध घातले गेले, ते एकत्र बसून उठवा. ढाक्यात निवडून आलेलं सरकार टिकावं यात नाशिकच्या शेतकऱ्याचाही फायदा आहे, आणि त्यासाठी आपल्या बाजूने जे करता येतं ते मतमोजणीनंतर लगेच केलं पाहिजे.