ती ट्यूब कोणत्या फळीवर?

अकोल्याच्या जठारपेठेतल्या कुठल्याही मेडिकलसमोर संध्याकाळी थोडा वेळ उभं राहून पाहावं. बीपीच्या गोळ्या मोठ्यानं मागितल्या जातात, शुगरच्या त्याहून मोठ्यानं. मूळव्याधीचं मलमसुद्धा आता कोणी लपवून नेत नाही. पन्नाशीची बाई मात्र गिऱ्हाइकं पांगण्याची वाट पाहते आणि हळूच म्हणते, "भाऊ, लघवीले आग होते, काही द्या न." भाऊ बुरशीवरचं मलम काढून देतो. चार दिवस लावून आग जात नाही, कारण अनेकदा ती बुरशी नसतेच. पाळी गेल्यानंतरचा योनीचा कोरडेपणा असतो. त्यावर हार्मोन नसलेलं साधं मॉइश्चरायझर मिळतं. पण दुकानात ते असलंच तर कंडोमच्या फळीवर, बिलगलेल्या जोडप्यांच्या चित्रांमध्ये. तिकडे बोट दाखवायला काकू धजावत नाहीत, आणि काउंटरवरच्या पोरालाही ते त्यांच्यासाठी आहे हे सुचत नाही.

आमचं भांडण त्या फळीशी आहे. हा कोरडेपणा फक्त शेजेवरचा प्रश्न आहे, असं ती फळी सांगते. मग विधवा बाईनं काय करायचं? जिच्या घरी नवरा-बायकोच्या खाटा केव्हाच वेगळ्या झाल्यात, तिनं काय करायचं? आग तर तिलाही होते. स्कूटीवर बसताना टोचतं, मे महिन्याच्या उन्हात सुती कपडासुद्धा घासतो, लघवीला वारंवार जावं लागतं, रात्री खाज सुटते. संबंधाच्या वेळचं दुखणं हे या यादीतलं एक दुखणं आहे, सगळी यादी नव्हे. जगभरच्या तज्ज्ञांनाही हे मान्य करायला २०१४ साल उजाडलं. योनी आणि मूत्रमार्ग या दोहोंच्या तक्रारी मिळून एकच दुखणं आहे, असं नाव त्याला तेव्हा मिळालं.

कारण गुंतागुंतीचं नाही. पाळी जाते तसं इस्ट्रोजेन आटतं. योनीचं अस्तर पातळ होतं, त्यातला ओलावा कमी होतो. अस्तरातल्या साखरेवर जगणारे चांगले जिवाणू उपाशी पडतात, ते तयार करत असलेलं आम्ल घटतं, सामू साडेचाराच्या वर चढतो आणि लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होऊ लागतो. अंगातून वाफा येण्याचा त्रास बहुतेकींना काही वर्षांनी कमी होतो. कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही, बहुधा वाढतच जातो. आपल्याकडे पाळी सरासरी ४६ च्या आसपास जाते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या. म्हणजे पुढची पंचवीस-तीस वर्षं यातच काढायची. गंमत अशी, की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईची सविस्तर मुलाखत वयाच्या ४९ व्या वर्षापर्यंतच होते. तिला प्रश्न विचारायची वेळ येते तेव्हा वही मिटलेली असते.

आता त्या ट्यूबविषयी. मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट या दोन निराळ्या वस्तू आहेत. ल्युब्रिकंट संबंधाच्या वेळेपुरतं. मॉइश्चरायझर दर दोन-तीन दिवसांनी, सहसा रात्री झोपताना आत लावायचं, संबंध असो वा नसो. पॉलिकार्बोफिल किंवा हायल्युरॉनिक आम्ल असलेली जेल अस्तराला चिकटून राहतात आणि पाणी धरून ठेवतात. गुण यायला काही आठवडे लागतात. दोनदा लावून ट्यूब फेकून देऊ नये. घेताना ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल भरपूर असलेली टाळलेली बरी. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच असं दाट जेल पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि आग उलट वाढते. यासाठीच २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ल्युब्रिकंटसाठी मर्यादा सुचवली: ऑस्मोलॅलिटी (म्हणजे पाणी ओढण्याची ताकद) १२०० च्या खाली, शक्यतो ३८० च्या आत, आणि सामू साडेचाराच्या जवळपास. हा आकडा खोक्यावर क्वचितच सापडतो. तो छापायला कंपन्यांना कोणीतरी भाग पाडलं पाहिजे.

घरगुती उपाय म्हणून खोबरेल तेल लावणाऱ्या पुष्कळ आहेत. बाहेरच्या त्वचेला ते चालतं. कंडोम वापरात असेल तर चालत नाही, तेलानं रबर विरतं. डेटॉलचं पाणी, साबण आणि 'तिथल्या स्वच्छतेसाठी' म्हणून विकली जाणारी सुगंधी वॉश मात्र बंदच करावीत. आधीच कोरडं, त्यात ही धुलाई. बाहेरून साध्या पाण्यानं धुणं पुरे.

महागड्या क्रीमच्या आधी साधं जेल वापरून पाहा, असं सांगायला आधारही आहे. अमेरिकेत ३०२ बायकांवर १२ आठवडे झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला योनीत ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी, एकाला मॉइश्चरायझर, एकाला नुसतं दिखाऊ जेल. तिन्ही गटांत त्रास जवळपास सारखाच कमी झाला. याचा अर्थ इस्ट्रोजेन निरुपयोगी आहे असा नव्हे. मॉइश्चरायझर ओलावा देतं, पातळ झालेलं अस्तर पुन्हा जाड करत नाही. त्रास फार असेल, लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल, तर अगदी थोड्या मात्रेचं स्थानिक इस्ट्रोजेन डॉक्टरच्या सल्ल्यानं घ्यावं, घाबरू नये. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांची गोष्ट वेगळी. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी त्यांचं उरलंसुरलं इस्ट्रोजेनही जातं आणि कोरडेपणा सर्वांत जास्त त्यांनाच छळतो. त्यांच्यासाठी पहिला उपाय बिनहार्मोनचाच. कर्करोगाची औषधं देताना हे एक वाक्य बोलायला डॉक्टरांना किती वेळ लागतो? ऑपरेशनमध्ये अंडाशय काढलेल्या बायकांनाही हेच सांगायला हवं, त्यांची पाळी तर एका दिवसात जाते.

वऱ्हाडाला हा विषय नवा वाटू नये. अमरावतीला डफरीन आणि अकोल्याला लेडी हार्डिंग ही बायकांची दोन सरकारी इस्पितळं आहेत. बाई पुरुष डॉक्टरसमोर बोलत नाही, हे ओळखूनच या देशात १८८५ साली लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी उभा राहिला. पुढे र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून असले विषय उघड छापले, कोर्टाच्या पायऱ्या चढले, दंड भरले. त्यालाही शंभर वर्षं होत आली, आणि आमचं मेडिकल अजून काळ्या पिशवीतच अडकलेलं.

जठारपेठेतल्या औषधविक्रेत्यांना विनंती साधी आहे. ती ट्यूब कंडोमच्या फळीवरून काढा आणि डोळ्यांच्या थेंबांशेजारी ठेवा. तेही कोरडेपणाचंच औषध आहे. पन्नाशीच्या गिऱ्हाइकाला बुरशीचं मलम देण्याआधी पाळी केव्हा गेली ते विचारा. आणि काकूंनो, एक गोष्ट या ट्यूबवर सोपवू नका: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून पुन्हा रक्त गेलं, डागभर का असेना, तर लाज बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.