सीमेवरचा मुलगा, सीमारेषेवरचा झेल

आपला मुलगा किंवा नातू सैन्यात दूर तैनात असेल, तर त्याच्याशी फोनवर काय बोलावे, हा प्रश्न आपल्या परिचयाचा असेल. तो नेमका कुठे आहे, हे त्याने सांगायचे नसते. जिवाला घोर लागला आहे, हे आपण सांगायचे नसते. ‘जेवलास का?’, ‘गोळ्या घेता ना?’ एवढ्यावर बोलणे आटोपते. अशा घरांत क्रिकेट किती मोठे काम करते, हे मला उशिरा उमगले.

सातारा जिल्ह्यातील एक आजोबा माझ्याकडे रक्तदाबावर उपचार घेतात. सामना पाहताना त्यांची छाती धडधडते, म्हणून टीव्ही बंद ठेवा, असे मीच त्यांच्या सूनबाईंना सांगितले होते. सल्ला निराधार नव्हता. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी म्युनिक परिसरात हृदयविकाराच्या तातडीच्या घटना एरवीच्या अडीच पटींहून अधिक झाल्याची नोंद तेथील डॉक्टरांनी केली आहे.

२९ जून २०२४ च्या रात्री मात्र आजोबांनी कोणाचेच ऐकले नाही. मुलगा लडाखमध्ये पहाऱ्यावर होता. ‘मी पाहिले नाही, तर त्याला सांगणार कोण?’ या प्रश्नावर घरात कोणापाशी उत्तर नव्हते. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा झेल टिपला आणि भारत ७ धावांनी जिंकला. दुसऱ्या दिवशी फोन आला, तेव्हा आजोबांनी खाटेवरून उठून, उशी झेलत, तो झेल मुलाला ऐकवला. (पलीकडे दिसत काहीच नव्हते, हा भाग निराळा!) बापलेक इतके हसलेले वर्षभरात ऐकले नव्हते, असे सूनबाई म्हणाल्या.

टीव्ही बंद करा, असे मी आता सरसकट सांगत नाही. सामना मध्यरात्रीपर्यंत लांबणार असेल, तरी जेवण आणि औषध ठरल्या वेळीच द्या. मधुमेह असल्यास तर विशेषच. शेजारी कोणीतरी बसा. छातीवर दाब, दरदरून घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, यांपैकी काहीही जाणवले, तर ‘एवढे षटक होऊ दे’ म्हणू नका. लगेच १०८ ला फोन करा.

आजोबांच्या उशाशी आता एक वही असते. प्रत्येक सामन्याचे टिपण त्यात असते, फोन आला की वाचून दाखवण्यासाठी. फोन लांबला, की पाने वाढत जातात.