श्याओगांगचा करारनामा

1978 सालच्या हिवाळ्यात, सामुदायिक शेतीची जमीन परस्पर वाटून घेणे हा चीनमध्ये तुरुंगवासास पात्र असा अपराध असताना, आन्हुई प्रांतातील श्याओगांग या दरिद्री खेड्यातील 18 शेतकऱ्यांनी एका रात्री एकत्र जमून असा गुप्त करारनामा केला की, जमीन कुटुंबागणिक कसावी, सरकारी धान्यवसुली चुकती करून उरलेले पीक घरी ठेवावे, आणि यापायी कोणास कैद झाल्यास त्याची मुले 18 वर्षांची होईपर्यंत इतरांनी सांभाळावीत. चीनच्या उत्कर्षाचा इतिहास शेन्झेन शहराच्या कारखान्यांपासून सांगण्याची रीत पडली आहे; माझ्या मते तो या कागदापासून सांगावयास हवा, कारण वृद्धी आणि वाटणी यांचा विचार त्यात एकत्र झालेला होता.

त्यानंतरच्या 40 वर्षांत, जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे, सुमारे 80 कोटी चिनी माणसे अतिदारिद्र्यातून बाहेर आली. औद्योगिक क्रांतीपासून राष्ट्राराष्ट्रांत रुंदावत गेलेली दरी त्यामुळे अरुंद होऊ लागली, आणि पाश्चात्त्य देशांतील चिनी मालाच्या स्पर्धेने बंद पडलेल्या कारखान्यांच्या कामगारांविषयी पूर्ण सहानुभूती बाळगूनही ही घटना न्याय्यच म्हटली पाहिजे.

मात्र खुद्द चीनमध्ये वाटणी मागे पडली. 1958 पासून अमलात असलेल्या हुकोऊ या नोंदणीपद्धतीने माणूस ग्रामीण की नागरी हे 2014 च्या सुधारणेपर्यंत जन्मतःच दप्तरात दाखल होत असे. गाव सोडून राबणाऱ्या आणि गावाजवळच बिगरशेती काम करणारे धरून सुमारे 30 कोटींच्या घरात जाणाऱ्या ग्रामीण श्रमिकांपैकी असंख्यांना, ज्या शहराच्या इमारती त्यांनी उभारल्या, तेथील शाळा, दवाखाना व निवृत्तिवेतन यांवर आजही पूर्ण हक्क मिळत नाही. 60 कोटी लोकांचे मासिक उत्पन्न जेमतेम 1000 युआन असल्याचे तत्कालीन पंतप्रधान ली खछ्यांग यांनी 2020 मध्ये जाहीरपणे सांगितले होते.

हा प्रश्न चीनच्या सरहद्दीत राहत नाही. आजारपणाच्या व म्हातारपणाच्या धास्तीने कुटुंबे पैसा गाठीस बांधतात, त्यांचा उपभोग राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोनपंचमांशाच्याही आत राहतो, आणि देशात न खपलेला माल परदेशच्या बाजारांत उतरून तेथील कामगाराच्या मजुरीवर दाब आणतो. म्हणजे एका देशातील अपुरी वाटणी दुसऱ्या देशातील मजुराच्या ताटापर्यंत पोहोचते.

श्याओगांगच्या शेतकऱ्यांनी कैदेत जाणाऱ्याच्या मुलांची तजवीज करून ठेवली होती. आज शहरात कामाला गेलेल्या कोट्यवधी आईबापांची मुले गावी आजीआजोबांजवळ वाढत आहेत, आणि अनेकांची आईबापांशी भेट वर्षातून एकदाच, वसंतोत्सवाच्या म्हणजे चिनी नववर्षाच्या सुटीत, होते.