लोणारचा रंग आणि रोलचा कॅमेरा

2020च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि टाळेबंदीमुळे घरात अडकलेल्या महाराष्ट्राने ते मोबाइलवर पाहिलं. गंमत अशी, की प्रत्येकाच्या पडद्यावरचं सरोवर वेगळ्याच गुलाबी रंगाचं होतं. कुणाचं फिकट विटकरी, तर कुणाचं थेट गुलाबाच्या सरबतासारखं. ज्याच्या फोनने जितका रंग चढवला तितका त्याचा खरा. नासाने 25 मे आणि 10 जूनची उपग्रहचित्रं शेजारी ठेवली तेव्हा बदल खरोखरच मोठा असल्याचं दिसलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या ‘हॅलोआर्किया’ या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं तिथे निष्पन्न झालं. नमुना ठेवून दिल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग प्रयोगशाळेतही टिकला नाही. उरले ते फोटो.

आणि त्या फोटोंवरही कितपत विसंबायचं, हा प्रश्न उरलाच.

रोलचे कॅमेरे पुन्हा बाहेर निघत आहेत ते याच काळात. वडिलांच्या कपाटातला याशिका, जुन्या बाजारात मिळालेला पेंटॅक्स के 1000 किंवा निकॉन एफएम 2 घेऊन तरुण मुलं डोंगरदऱ्या पालथ्या घालतात. 2024च्या जूनमध्ये पेंटॅक्सने ‘पेंटॅक्स 17’ हा नवा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. तो एका चौकटीच्या जागेत दोन फोटो घेतो, म्हणजे 36च्या रोलमध्ये 72. ज्या धंद्याची 2012मध्ये कोडॅकच्या दिवाळखोरीबरोबर उत्तरक्रिया झाली असं मानलं गेलं, त्याच धंद्यात कुणी नवं यंत्र घडवतं, ही बातमी साधी नव्हे. काहींना हे सारं श्रीमंतांच्या पोरांचं फॅड वाटतं. काहींना फिल्म म्हणजेच खरी फोटोग्राफी, बाकी सगळी माया वाटते. या भांडणात दोन्ही बाजू मुद्दा चुकवतात.

आधी लोणारला फिल्मवर टिपण्यातली मजा पाहू, कारण ती अस्सल आहे. काळ्या बेसॉल्टमध्ये उल्कापाताने झालेला, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खड्डा फोटोत पकडणं भलतंच कठीण. सकाळी पूर्वेकडच्या कड्याची सावली आत पडते, पलीकडची भिंत उन्हात चमकते आणि मधलं पाणी आकाशाचा उजेड परत फेकतं. फोन एका क्षणात अनेक चित्रं घेऊन ती परस्पर जुळवतो. फिल्मवर ही जुळवाजुळव माणसालाच करावी लागते. कॅमेऱ्यातलं मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतं. काळ्या खडकावर धरलं तर खडक राखाडी आणि आकाश पांढरंफटक येतं. म्हणून उजेड एखादा स्टॉप कमी करायचा, सावलीत किती तपशील सोडून द्यायचा ते आधीच ठरवायचं. काळ्या-पांढऱ्या रोलसाठी नारिंगी फिल्टर लावला की निळं आकाश गडद होतं आणि ढग उठून दिसतात. स्लाइडचा रोल असेल तर चुकीला माफी नाही. रंगीत निगेटिव्ह त्या मानाने दिलदार, थोडा जास्त उजेड ती पोटात घालते.

चौकटी मोजक्या. एका रंगीत रोलला आज हजाराच्या घरात पैसे पडतात, धुण्याचे आणि स्कॅनचे वेगळे. तेव्हा कड्यावर आलेला माणूस बटण दाबण्याआधी चार पावलं मागे सरतो, बाभळीची फांदी चौकटीत घ्यायची की नाही यावर रेंगाळतो, ढग सरकायची वाट पाहतो. हा सगळा रिकामा वाटणारा वेळच मजेचा भाग असतो.

विदर्भातल्या उन्हाचा हिशेब निराळा. काळ्या-पांढऱ्या डेव्हलपरचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. मे महिन्यात इथल्या नळाचं पाणी त्याच्या आसपासही नसतं, त्यामुळे घरी रोल धुणाऱ्याला बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून बसावं लागतं. रंगीत रोलला उलट 38 अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. त्याला इथला उन्हाळा अनुकूल म्हणावा, तर तोच उन्हाळा बंद गाडीत विसरलेल्या रोलचे रंग बिघडवतो. रोल फ्रिजमध्ये भाजीशेजारी ठेवणाऱ्या घरात त्यावरून होणारी बोलणी वेगळीच.

फिल्मचा सोस सगळीकडे चालवण्यात मात्र अर्थ नाही. 2019मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला रेडिओ गळपट्टा लावलेला वाघ शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. अशा प्राण्याचा माग 36च्या रोलवर ठेवू पाहणं हा हट्टच. तिथे डिजिटल कॅमेरा ट्रॅपच हवा. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने 1920च्या दशकात तारेचा सापळा लावून रात्री वाघांना स्वतःचेच फोटो काढायला लावले, ते त्या काळी दुसरा उपाय नव्हता म्हणून.

फिल्म खरं बोलते, हेही अर्धंच खरं. फुजीने 1990मध्ये आणलेली ‘वेल्व्हिया’ निसर्गछायाचित्रकारांची लाडकी झाली ती तिच्या भडक हिरव्या-तांबड्यामुळे. जून 2020मध्ये कुणी कड्यावरून वेल्व्हिया वापरली असती, तर तिने फोनलाही मागे टाकलं असतं.

मग फिल्मचं मोल कशात? रोलवर उमटलेली वस्तू उरते, यात. निगेटिव्हवर नंतर कुणी परस्पर हात फिरवत नाही आणि फोन बदलला म्हणून ती हरवत नाही. जुनी चौकट हाती असेल तर त्याच जागी उभं राहून नवी घेता येते. अलास्कातल्या म्यूर हिमनदीचा विल्यम फील्ड यांनी 1941च्या ऑगस्टमध्ये घेतलेला फोटो आणि ब्रूस मोल्निया यांनी 2004मध्ये त्याच ठिकाणाहून घेतलेला फोटो शेजारी ठेवले की बर्फ कुठे गेला हे शाळकरी मुलालाही कळतं.

लोणारला असा जोड-फोटो हवा, कारण ते सतत बदलतं. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने 1823मध्ये विवराची नोंद केली तेव्हा फोटोग्राफी जगाला ठाऊकच नव्हती. पुढे हेन्री कझिन्स यांच्या 1931च्या, दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात इथलं दैत्यसूदन मंदिर आलं. म्हणजे दगडांची दखल घेतली गेली. पाण्याची कुणी घेतली? गेल्या काही दशकांत ते कधी बरंच ओसरलं, कधी कमळजादेवीच्या मंदिराकडे चढलं. वेडी बाभूळ उतारावर इतकी माजली की ती काढायची मोहीम घ्यावी लागली. 2020मध्ये सरोवर पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. काठ कुठल्या वर्षी कुठे होता, यावरचा वाद मात्र बराचसा आठवणींवर चालतो.

या वादाच्या उत्तराचा काही भाग बुलढाणा जिल्ह्यातच पडून असणार. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा, चिखली, बुलढाणा इथल्या स्टुडिओवाल्यांनी वर्षानुवर्षं शाळांच्या सहली, नवपरिणीत जोडपी, देवीची यात्रा टिपली. पुढे जोडपं असलं तरी मागे पाणी आहे, काठ आहे, झाडी आहे. धंदा डिजिटल झाला तशा या निगेटिव्ह माळ्यावर गेल्या, भंगारातही गेल्या. वन विभागाने, अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाने किंवा जिल्हा प्रशासनाने त्या मागवून स्कॅन कराव्यात आणि मूळ मालकाला परत द्याव्यात. एखादा बरा स्कॅनर आणि चार चिकाटीची मुलं यापलीकडे सुरुवातीला फारसं काही लागणार नाही.

आज हौसेने रोल घालणाऱ्यांनाही यात काम आहे. ॲन्सेल ॲडम्स यांचा न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो जगप्रसिद्ध, पण तो कधी घेतला ते त्यांनी नीट नोंदवलंच नव्हतं. शेवटी डेनिस डी चिको यांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडून 1 नोव्हेंबर 1941 ही तारीख काढली. लोणारच्या प्रत्येक फोटोत चंद्र असेलच असं नाही. तेव्हा पाकिटावर तारीख, वेळ आणि आपण कड्याच्या कुठल्या बाजूला उभे होतो एवढं पेनने लिहिलेलं बरं.

स्टुडिओवाल्यांच्या निगेटिव्ह गोळा करायला घेतल्याच, तर 1980 आणि 1990च्या दशकांतल्या रंगीत निगेटिव्हपासून सुरुवात करावी. काळ्या-पांढऱ्या फिल्मवरची चांदी नीट धुतलेली असेल तर दीर्घकाळ टिकते. रंगीत फिल्मवर चांदी उरत नाही, नुसते रंग असतात, आणि बुलढाण्यातल्या पत्र्याखालच्या माळ्यावर ते दर उन्हाळ्यात थोडे थोडे उडतात.